चाळलेली माती

आमच्या गॅलरीत भाजी आली ती माझ्या खोटेपणापायी. झाडांची आवड, छंद, विरंगुळा यातलं मला काही नव्हतं, आजही नाही. सकाळी साडेआठला कंपनीच्या स्टोअरमध्ये शिरायचं, दिवसभर बोल्ट, गॅस्केट आणि हातमोजे मोजून द्यायचे, संध्याकाळी वरसेला परत येऊन तीन जिने चढायचे आणि चढल्या चढल्या कुकर लावायचा, असा माझा दिवस. त्यात कुंडीला जागा कुठली? पण आईची पेणची खोली मी तिला न विचारता सोडून दिली होती आणि ते तिला सांगायची माझी छाती होत नव्हती. मग दुसरं काहीतरी करणं भाग होतं.

खोलीचं आधी सांगते. आई चाळीस वर्षं पेणला गणपतीच्या कारखान्यात कामाला होती. वडील मी लहान असतानाच गेले. तिने शाडूची माती मळून, साच्यात भरून मला शिकवलं, माझं लग्न करून दिलं. कारखान्याच्या मागच्या गल्लीत भाड्याची एक खोली, पुढे ओटा, मागे न्हाणी. मी रोह्याला सासरी आले, पुढे आम्ही वरसेला फ्लॅट घेतला, तरी ती तिथून हलली नाही. ‘तुझ्याकडे येऊन काय करू, भिंतीकडे बघत बसू?’ असं म्हणायची.

मग एका वर्षी गणपती गेल्यावर, कारखान्यात शुकशुकाट असतो त्या दिवसांत, ती न्हाणीत घसरली आणि उजवं मनगट मोडलं. मी तिला घेऊन आले. ‘हात बरा होईपर्यंत’ असं ठरलं होतं, आणि ते मी माझ्या तोंडाने म्हटलं होतं. प्लॅस्टर निघालं तेव्हा डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले की पकड पहिल्यासारखी येईल असं धरून चालू नका. हे मी आईला सांगितलं नाही. सांगू, सांगू म्हणत आठवडा गेला.

त्याच आठवड्यात खोलीच्या मालकांचा फोन आला. मी काउंटरवर उभी, समोर दोन फिटर सामानाची चिठ्ठी घेऊन ताटकळलेले. मालक म्हणाले, ‘खोली दुरुस्त करून पुतण्याला द्यायची आहे. आई परत येणार असतील तर तसं सांगा, म्हणजे आम्ही थांबतो.’ थांबतो म्हणाले ते, हे मी मुद्दाम लिहिते. मी म्हटलं, ‘नाही येणार त्या. घ्या तुम्ही खोली.’ फोन ठेवला आणि फिटरला सहा नंबरचे बोल्ट काढून दिले. इतक्या वर्षांची खोली सोडायला तेवढाच वेळ लागला.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी ‘कंपनीत स्टॉक मोजायचा आहे’ असं आईला सांगून मी आणि नवरा पेणला गेलो. एक चावी माझ्याकडे असायचीच. भांडी, पत्र्याची पेटी, गाद्या काढल्या. आमच्या फ्लॅटवर आणलं तर आईला दिसणार, म्हणून सगळं कारखान्याच्या माळ्यावर टाकलं. कारखानदार भला माणूस. त्याने एवढंच विचारलं, ‘आईला सांगितलंत ना, ताई?’ मी म्हटलं, ‘सांगितलं.’ नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. येताना नागोठण्याला चहा घेताना मात्र म्हणाला, ‘हे तुला निस्तरावं लागेल हां.’

इकडे आईचा रोजचा प्रश्न एकच. मी चपला काढते न काढते तोच, ‘मला पेणला कधी सोडतेस?’

‘हात बरा होऊ दे.’

‘हात होतोय बरा. इथं बसून बसून अंगाला मुंग्या येतात गो. मला काम नाय काय नाय.’

काम नाही हे खरं होतं. भांड्याला हात लावू दिला नाही, केर काढू दिला नाही. ती दिवसभर गॅलरीत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून खालच्या रस्त्याकडे बघायची. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं माझं झालेलं. ती गप्प बसली की वाटायचं हिला कळलं, बोलायला लागली की वाटायचं आता विचारते. तेव्हा मला वाटलं, हिला इथेच काहीतरी लावून द्यावं. कुंड्या आणू, भाजी लावू. जीव रमला की पेण मागे पडेल, आणि मग सांगायलाही सोपं जाईल. आवळा देऊन कोहळा काढायचा बेत, दुसरं काय.

खांब गावाच्या बाजूला महामार्गालगत एक नर्सरी आहे. तिथून चार गोणी माती, सात कुंड्या आणि बियांच्या पुड्या आणल्या. मेथी, माठ, मिरची, वाल. लिफ्ट नाही. नवऱ्याने गोणी खांद्यावर मारून तिसऱ्या मजल्यावर आणल्या आणि धापा टाकत म्हणाला, ‘पुढच्या रविवारी डोंगरच घेऊन येऊ, एकदाच काय ते होऊन जाईल.’ सेकंड शिफ्ट करून आलेला माणूस, त्याला मी रविवारीही झोपू दिलं नव्हतं.

आईने गोणीत डावा हात घातला, मूठभर माती काढली, अंगठ्याने चोळली आणि तिचं तोंड कडू झालं.

‘ही काय माती? खडे किती, काड्या किती. तुला फसवलं त्याने.’

मला काय कळतंय मातीतलं? मी पेणची. आमच्या घरी मातीबद्दल एकच गोष्ट शिकवलेली होती, की तिच्यात खडा नको. एक खडा राहिला तर मूर्ती सुकताना नेमका सोंडेला तडा जातो आणि सगळी मेहनत पाण्यात. लहानपणी मीही आईशेजारी बसून मातीतून खडे वेचलेले आहेत. त्यामुळे आई म्हणाली ‘चाळून घेऊ’, तर मला ते इतकं बरोबर वाटलं की नर्सरीवाल्याला फोन करून विचारावं असं मनातही आलं नाही.

चार दिवस आमच्या गॅलरीत माती चाळणं चाललं होतं. आधी चाळणीतून, मग माझ्या जुन्या ओढणीतून. आई डाव्या हाताने हलवायची, मी कंपनीतून आले की कपडे न बदलता समोर बसायची. दोन बादल्या कचरा निघाला. सालपटं, बारीक दगड, अर्धी कुजलेली पानं, काळ्या काळ्या गुठळ्या. तो सगळा आम्ही नेऊन बिल्डिंगच्या मागे टाकला. तेच खत होतं हे आम्हाला फार उशिरा कळलं. उरली ती माती पिठासारखी मऊ. आईने तिच्यात पाणी घातलं आणि परातीत मळायला घेतली. दुखऱ्या हाताने नको म्हटलं तर म्हणाली, ‘मनगट नाय लावत, तळहात लावते. गप बस तू.’ किती दिवसांनी ती मला गप बस म्हणाली होती. मला बरं वाटलं, हे कबूल करते.

मळलेली माती तिने अंगठ्याने दाबून दाबून कुंड्यांत भरली, कोपरा कुठे मोकळा राहू दिला नाही. बोटाने भोकं पाडली, बी टाकलं, वर चिमूटभर माती लावून ओल्या तळहाताने लिंपलं. सात कुंड्या अशा गुळगुळीत झाल्या की त्यांना पांढरा हात मारून रंगवायला घ्यावं. आम्ही दोघी बराच वेळ त्यांच्याकडे बघत उभ्या होतो.

आठ दिवस झाले, काही उगवलं नाही. घातलेलं पाणी वर ताटलीतल्यासारखं साचून राहायचं. मी पाणी कमी केलं. मग वरचा थर सुकला आणि त्याला भेगा पडल्या. आई त्या भेगांकडे बघून इतकी ओशाळली, जणू कारखानदार पाठीमागे उभा आहे. दुसऱ्या दिवशी मी घरी आले तर भेगा नाहीत. तिने वाटीत माती कालवली होती आणि बोटाने एकेक भेग बुजवून वरून पुसून घेतली होती. तडा गेला की बुजवायचा, हे तिच्या हाताला ठाऊक. पुढचे दहा दिवस तेच चाललं. बिचारं एखादं बी कुठून तरी डोकं वर काढायला बघत असेल, तर आम्ही मायलेकी रोज त्याच्या तोंडावर माती लिंपत होतो.

आमच्या नाक्यावर निडीहून एक भाजीवाली येते, सकाळच्या गाडीने. साठीची बाई, तोंडाने फटकळ. एका शनिवारी मी तिला म्हटलं, ‘मावशी, घरी येऊन जरा कुंड्या बघता का?’ ती टोपली खाली वॉचमनजवळ ठेवून वर आली. गॅलरीत गेली, वाकून बोटाने टिचकी मारली. टक्क आवाज आला. मग जी हसायला लागली ती आईच्या खुर्चीत बसूनच राहिली.

‘ही कुंडी हाय का देवाचा पाट? यातून रोप वर कुठनं येल?’

आईला राग आला. ‘चाळीस वर्षं माती मळलीय मी.’

‘मळलीय, पेरली नाय ना बाय. मातीत घाण लागते. खडा लागतो, पाला लागतो, शेण लागतं. तुझी माती देवाला चालेल, मेथीला नाय चालत.’

मला वाटलं आता आई आत निघून जाणार आणि कुंड्यांचं नाव काढणार नाही. पण तिने स्वतः कुंडीवर एक टिचकी मारून बघितली आणि म्हणाली, ‘करायला गेलो गणपती नि झाला मारुती.’ आणि हसली. आमच्याकडे आल्यापासून पहिल्यांदा मोकळी हसली. त्या दिवशी भाजीवाली चहा पिऊन गेली आणि आम्ही उलथन्याने कुंड्या फोडायला बसलो.

दुसऱ्या वेळेला सगळं उलटं. भात गिरणीवरून तूस आणलं, भाजीवालीने पिशवीभर शेणखत आणून दिलं, मी कंपनीच्या आवारातला सुका पाला गोळा केला, तर गेटवर सिक्युरिटीवाल्याने पिशवी उघडून बघितली. तळाला खडे टाकायचे होते. ते आईने स्वतः टाकले, पण प्रत्येक वेळी हात पदराला पुसत. ‘चांगल्या मातीची वाट लावली,’ म्हणत होती.

पाचव्या दिवशी मेथी आली. मग माठ आला, मिरची आली. वाल सगळ्यात शेवटी आला आणि सगळ्यात पुढे गेला, गॅलरीच्या ग्रिलला धरून वर चढला. फुकट काही नव्हतं हां. सकाळी डबा करायच्या आधी पाणी, पाण्याचे थेंब खालच्या वहिनींच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर, त्याबद्दल जिन्यात बोलणी, रविवारी परत तूस. माझी कंबर भरून यायची. एवढं करून मेथीची जुडी निघाली ती तिघांना एका वेळेलाही पुरली नाही. नाक्यावर तीच जुडी हात न मळवता मिळते. मला मनातून वैताग यायचा, आणि तो दाखवायची सोय नव्हती.

आई मात्र रमली. वालावर मावा पडला, काळे किडे देठाला चिकटून. भाजीवालीने राख मारायला सांगितली होती. आईने आपल्या पिशवीतला कारखान्यातला बारीक ब्रश काढला आणि पान उलटं धरून एकेक किडा झाडायला लागली. पहिल्यांदा डाव्या हाताने. मग एक दिवस मी आले तेव्हा ब्रश उजव्या हातात होता. बोटं थरथरत होती, पण ब्रश धरलेला होता. ‘बघ,’ ती म्हणाली, ‘डॉक्टर काय बोलला होता तुला, मला ठाऊक हाय. त्याला काय कळतंय.’

मी ‘अगं वा’ म्हटलं आणि आत जाऊन ओट्याला टेकून उभी राहिले. मला आनंद झाला नव्हता. हात बरा झाला की ती पेणला निघणार, आणि पेणला आता काही नाही. आपल्या आईचा हात बरा होऊ नये असं वाटणारी मुलगी मी. त्या संध्याकाळी भाजी करपली, तर नवऱ्याने मुकाट्याने खाल्ली आणि आई झोपायला गेल्यावर म्हणाला, ‘आता तरी सांग.’ मी म्हटलं, वालाला शेंगा लागू देत. तेव्हा तिचं मन इथे चांगलं लागलेलं असेल. माझी आपली अक्कल.

शेंगा फेब्रुवारीत लागल्या. आई रोज मोजायची आणि तोडू द्यायची नाही. ‘भरू दे अजून.’ मला वाटलं जमलं, ही आता इथली झाली. एका शनिवारी मी घरी आले तर सगळ्या शेंगा तोडून कापडी पिशवीत भरलेल्या, आणि शेजारी दोन लुगडी घडी घालून ठेवलेली.

‘उद्या मला पेणला सोड,’ ती म्हणाली. ‘कारखान्यातल्या बाया पोपटी लावतायत मागच्या वाडीत. फोन आला होता.’

पोपटी म्हणजे आमच्याकडे थंडीत मडक्यात वालाच्या शेंगा भरून, भांबुर्ड्याचा पाला घालून आगीत शेकतात ती. ‘एवढ्याशा शेंगांची पोपटी?’ मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले. ‘मडक्याचा तळ झाकणार नाही.’

‘त्यांच्या शेंगांत माझ्या टाकीन. माझ्या हातच्या हायत. दाखवायच्या हायत मला. ह्या हाताने काय होतंय ते बघू दे त्यांना. नि तिथनं मग माझ्या खोलीवर जाईन, तिकडंच राहीन. कारखान्यात माती भिजवायला घेतली असेल आता.’

एवढे महिने ती पाणी घालत होती, किडे झाडत होती, ते सगळं पेणला जायची तयारी म्हणून. मी तिला इथे बांधून ठेवायला कुंड्या आणल्या आणि तिने त्यांच्यावर आपला हात बरा करून घेतला. मी चप्पल पण काढली नव्हती.

‘आई, खोली नाही.’

‘नाय म्हणजे?’

सांगितलं सगळं. फोन, काउंटर, रविवार, स्टॉक मोजायचं खोटं, माळा. सांगताना मी तिच्याकडे बघत नव्हते, शेंगांच्या पिशवीकडे बघत होते.

‘कधी सोडलीस?’

‘दिवाळीआधी.’

‘म्हणजे माती आणलीस त्याच्या आधी.’

‘हो.’

‘कारखान्यात सगळ्यांना ठाऊक असंल.’

‘असेल.’

फोन करणाऱ्या बाईलाही ठाऊक होतं, आणि आईला ठाऊक आहे असं समजूनच ती बोलली असणार, हे आम्हा दोघींच्या एकाच वेळी लक्षात आलं. आईचा चेहरा उतरला. मी वाट बघत होते ती आता बोलेल, रडेल, मला वाटेल ते म्हणेल. मला ते हवंच होतं. ती म्हणाली, ‘विचारलं असतंस तर मी हो बोलले असते. एकटीने मला तिथं झेपणार नाय, हे काय मला कळत नव्हतं? पण विचारायचं होतंस गो.’

मग तिने पिशवी माझ्या हातात दिली. ‘शिजव ह्या.’ मी शिजवल्या. तिघांनी खाल्ल्या. नवरा म्हणाला, चांगल्या झाल्यात. आईने पण मान हलवली.

यालाही आता महिना उलटला. ती पेणचं नाव काढत नाही. रुसलेली नाही, जेवते, नीट बोलते. माळ्यावरचं सामान आणू का म्हटलं तर ‘तुम्हाला जागा असली तर आणा’ म्हणाली. एवढंच झालंय की ती आता मला विचारते. पंखा लावू का. टीव्ही बंद करू का. दोन मिरच्या तोडू का. आधी मला वाटलं टोमणा मारतेय, म्हणून मीही एकदा चिडून बोलले, ‘आई, तुझंच घर आहे, प्रत्येक गोष्ट काय विचारतेस?’ ती अजिबात चिडली नाही. शांतपणे म्हणाली, ‘तसं नाय. विचारलेलं बरं.’

आता ऊन वाढलंय. परवा मी तीन जिने चढून आले, तर माठाची रोपं कुंडीत आडवी पडलेली, मिरचीची पानं लोंबलेली. आई गॅलरीच्या दाराशी उभी होती, हातात पाण्याने भरलेला मग. दुपारपासून तसाच भरून ठेवला होता म्हणे.

‘घालू का पाणी?’ तिने विचारलं.

मी म्हटलं, ‘घाल.’ मग तिने घातलं.